माळवदाची तुळई आणि चेनकप्पी

तुमच्या आजोबांच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे. बैलाचं शिंग लागलं, असं त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. आमच्या घरी बैल कधीच नव्हता. आता तुम्ही मोठे झालात, म्हणून खरं काय ते क्रमाने लिहिते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझ्या लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. सोलापूरच्या आमच्या घराला माळवद होतं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. रस्त्याकडच्या मोठ्या खोलीत माझे सासरे, आप्पा, स्वतःचा ट्रक दुरुस्त करत. आप्पांचा हात फार चालायचा. मुलांना मिशा फुटल्या होत्या, तरी मार चुकत नव्हता. माझ्या सासूबाई, अव्वा, दुधनीच्या, माहेरची बोली कानडी. मार चालू असला की त्या भाकऱ्या थापत राहायच्या. फक्त थापण्याचा आवाज वाढायचा.

त्या उन्हाळ्यात आप्पांनी चेनकप्पी आणली. साखळी ओढली की एकटा माणूस अख्खं इंजिन उचलतो, असं ते यंत्र. ती खोलीतल्या मधल्या तुळईला टांगायची ठरली.

"अंगणात लोखंडी खांब रोवू," तुमचे आजोबा म्हणाले. "या तुळईवर आधीच माळवदाचं ओझं हाय. दर उन्हाळ्याला तुमी वर नवी माती चढवता."

"माज्या बापानं घातलेली तुळई हाय ती. हत्ती टांगला तरी हालायची न्हाय. कालेज शिकून मला तुळई शिकवतो व्हय रे?"

कप्पी टांगली गेली. काही दिवसांनी ट्रकचं इंजिन वर ओढलं. त्याचे तळाचे बोल्ट सोडायचे होते. आप्पांनी धाकट्या मुलाला, माझ्या दिराला, खाली शिरायला सांगितलं.

त्या खोलीचा केर मी काढत असे. मी म्हणाले, "आप्पा, कप्पी टांगल्यापासून तुळईखाली रोज माती पडतेय. भावजींना खाली पाठवू नका."

"आली इंग्रजी शाळा!" असं म्हणत त्यांनी हातातला साखळीचा तुकडा माझ्यावर फिरवला. तुमचे आजोबा मधे आले. साखळी कानावर बसली. पाळी चिरली आणि रक्त मानेवरून सदऱ्यात उतरलं. आप्पांनी आणखी दोन फटके पाठीत घातले.

"दादा, ऱ्हाऊ दे की. जातो मी," दीर भावाला म्हणाले आणि पाना घेऊन इंजिनाखाली उताणे झाले.

आधी माती सांडली, पीठ चाळल्यासारखी. मग तुळई कडाडली. तुमच्या आजोबांनी धावत जाऊन भावाच्या कुशीत अशी लाथ घातली की ते दारापर्यंत घरंगळले. इंजिन फरशी फोडून आत घुसलं आणि वरचं माळवद कोसळलं. धूळ बसली तेव्हा तुमचे आजोबा कमरेपर्यंत मातीत होते आणि दीर दारात कूस धरून ओरडत होते. बरगडी मोडली होती, पण जिवंत होते.

"माजं इंजिन फोडलं रे!" आप्पा पांढरेफटक होऊन किंचाळले आणि मातीत अडकलेल्या मुलावर पुन्हा साखळी उगारली.

अव्वा पिठाच्या हातांनी आल्या. त्यांनी साखळी हिसकावली आणि आप्पांच्या पाठीत घातली. मग पुन्हा घातली.

"पोरगं व्हतं खाली! पोरगं!" एवढंच त्या म्हणत होत्या आणि मारत होत्या. आम्ही कोणी त्यांना धरलं नाही. मी हातांनी माती उकरत होते.

कान शिवला, पण पाळी फाटकीच राहिली; बरगडी जुळली. मग अंगणात दोन लोखंडी खांब रोवले आणि आडव्या गर्डरला कप्पी टांगली. इंजिन वर ओढलं. दीर पाना घेऊन पुढे झाले, तोच अव्वा चुलीपासून उठून आल्या.

"थांब रे. आदी तुमी," त्या आप्पांना म्हणाल्या, आणि मग कानडीत, "कूड्री." बसा.

आप्पांनी आमच्या एकेकाकडे पाहिलं. ते इंजिनाखाली मांडी घालून बसले. अव्वा आत गेल्या. भाकऱ्या झाल्या, आमची पानं वाढली, आमची जेवणं झाली. आप्पा भर उन्हात, डोक्यावर इंजिन घेऊन, तसेच बसून होते. मग अव्वांनी त्यांचं ताट वाढलं आणि हाक मारली.

ते येऊन पाटावर बसले. भाकरीला हात घातला, पण हात इतका कापत होता की ती मोडेना. अव्वांनी मोडून दिली.