आईच्या आईचं नाव

माझ्या आईला तिच्या सख्ख्या आईचं नाव माहीत नव्हतं. आई आठ दिवसांची असतानाच ती गेली. वर्षाच्या आत आजोबांनी दुसरं लग्न केलं आणि आलेल्या सावत्र आईनं माझ्या आईला असं वाढवलं, की ती सावत्र आहे हे आम्हा नातवंडांनाही उशिराच कळलं. आई तिला माय म्हणायची. घरात पहिलीचं नाव कुणी काढत नसे आणि मायला वाईट वाटेल म्हणून आईनंही कधी विचारलं नाही. माय गेल्यावर मात्र तिला राहवेना. पण तोवर सांगायला कुणी उरलं नव्हतं.

तशात कळलं, आईच्या माहेराकडच्या, म्हणजे गेवराईकडच्या गावांच्या निजामाच्या काळातल्या जन्ममृत्यूच्या वह्या कॉम्प्युटरवर चढवल्यात. तोवर कॉम्प्युटर मी फक्त लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे पाहिला होता. आईला घेऊन एसटीनं कचेरीत पोचलो, तर लाईट गेलेली. मी कारकुनावर आवाज चढवला, जणू त्यानंच बटण बंद केलं होतं. आईनं माझा दंड दाबला, पिशवीतली भाकरी सोडली आणि त्याला विचारलं, "जेवलाव का, साहेब?" तिघं जेवलो. चटणी संपता संपता लाईट आली. माझ्या रागानं आजवर एकही काम झालेलं नाही, हे कबूल करतो.

पान उर्दूत होतं. ते वाचायला एक म्हातारे मुन्शी बसवले होते. पडद्याला नाक लावून ते म्हणाले, "मुलगी. बाप तुमी सांगितला तोच. आता आईचं नाव." आणि त्यांनी ते वाचलं.

ते मायचं नाव होतं.

"चुकलंय," मी म्हणालो. "ही तर नंतर आली. दुसरं पान काढा."

मुन्शींनी चष्मा पुसून खालची नोंद वाचली. त्याच नावाची बाई, त्याच घरातली, आठव्या दिवशी मयत.

"चुकलं न्हाई," आई हळूच म्हणाली. "लग्नात नवरीचं नाव बदलायचे. दुसरेपणाची आसली की पयलीचंच नाव ठिवायचे. मायला बी तेच ठिवलं आसंल."

मायनं जन्मभर पहिलीच्या नावाला ओ दिली आणि त्याच पहिलीची लेक मांडीवर वाढवली. एका शब्दानं कधी बोलली नाही. ज्यानं ती ओळ लिहिली आणि ज्यांनी ती वाळवीच्या तोंडातून सोडवली, त्या सगळ्यांचे उपकार मी अजून मानतो.

आईनं पडद्याला हात जोडले. काम झालं म्हणून मी पिशवी उचलली, पण ती उठेना.

"साहेब, वडवणीकडच्या वह्या चढवल्या का?" तिनं कारकुनाला विचारलं. वडवणीकडे मायचं माहेर.

"न्हाई अजून. आता कुणाचं बघायचं, मावशी? आईचं तर सापडलं."

"एकीचं सापडलं," आई म्हणाली. "जिनं मला वाढवलं, तिचं सोताचं नाव काय व्हतं, ते कुटं कुणी इचारलं?"