मी कापलेली नर्व्ह

वीस वर्षं झाली, मी अकोल्यात मेडिकलच्या मुलांना शरीररचना शिकवतो. असले अतर्क्य अनुभव कोणी सांगायला लागलं की मी विषय बदलून चहा मागवायचो. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय...

दोन वर्षांपूर्वी मोर्शीकडचे, फुलांची शेती करणारे एक आजोबा देहदानात आले. कागदांवर सह्या मीच घेतल्या. निघताना त्यांची बायको म्हणाली, "जलमभर अनवानी चालले जी. पाय पाहा त्याईचे. पोराईले नीट शिकवजा."

पावलाच्या वरच्या बाजूचं डिसेक्शन होतं त्या दिवशी मला अमरावतीची गाडी गाठायची होती – घर तिथल्या राजापेठेत. पावलावरची कातडी पातळ. तिच्याखालून, बोटं उचलणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यांमधून, एक बारीक नर्व्ह जाते. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यातली रुपयाएवढी जागा... तिथला स्पर्श कळवणं, एवढंच तिचं काम. उजव्या पायातली ती नर्व्ह मी घाईत कातडीसोबत कापून टाकली. मला ते कळलंही.

तिवस्याची एक विद्यार्थिनी वाकून म्हणाली, "सर, नर्व्ह दिसून नाही राहिली."

"यांच्यात नाहीच ती," मी म्हणालो. "असतं असं एखाद्यात."

तिनं ते जर्नलमध्ये लिहून घेतलं. माझी चूक मी त्या आजोबांच्या शरीरावर ढकलली होती.

दोन दिवसांनी घरी चपला काढल्या, तर बायको म्हणाली, "अहो, बोटातून रक्त निघून राहिलं. तुमाले समजत नाही का?" पट्ट्यानं उजव्या पायाचं बेचकं सोलून काढलं होतं. मी सुई टोचून पाहिली. रुपयाएवढीच जागा बधिर, बाकी पाऊल ठणठणीत. शुगर नॉर्मल, सगळ्या तपासण्या नॉर्मल. न्यूरॉलॉजिस्ट मित्र म्हणाला, "मास्तर, चप्पल बदल."

बदलली. महिनाभर काही फरक नाही.

शेवटी एका सकाळी मी वर्गाला खरं सांगितलं. नर्व्ह होती, मी कापली, आणि वर खोटं बोललो. मग त्याच देहाचा डावा पाय घेतला. दीड तास लागला. सापडली... शिवणाच्या दोऱ्याएवढी, पांढरी, बेचक्यापर्यंत अखंड गेलेली. जन्मभर किती काटे कळवले असतील तिनं! मी चिमट्यानं तिला हलकेच उचललं – आणि माझ्या उजव्या पायात, त्याच जागी, मुंगी चालल्यासारखं झालं. सोडली, थांबलं. पुन्हा उचलली, पुन्हा तेच.

मी स्टुलावर बसलो. भीती नव्हती वाटत. हात आपोआप जोडले गेले.

संध्याकाळपर्यंत ती जागा पूर्ण जागी झाली. दबलेली नर्व्ह सुटली असेल, असं मित्र म्हणतो. असेलही. पण नेमकी तेव्हाच का? त्या पोरीनं जर्नलमधली ओळ खोडली. त्या आजींकडे जाऊन हे सांगायचं धाडस मात्र मला अजून झालेलं नाही.

"ही नर्व्ह इथे संपते," असं मी दरवर्षी शिकवायचो. यंदा त्या वाक्यापाशी आलो आणि ते मला म्हणवेना.