फणसाचा चीक आणि मीनावहिनी

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत मीनावहिनींना सगळे ओळखायचे ते हातांवरून. तळवे काळे, बोटांची पेरं त्याहून काळी. हा मळ नव्हे, चीक. कुयरी म्हणजे कोवळा कच्चा फणस, केळफूल, असल्या ज्या भाज्या निवडायच्या म्हटलं की बायका नाक मुरडतात, त्या वहिनी घरोघरच्या साफ करून द्यायच्या. भाजी सगळ्यांना हवी, डाग कुणालाच नको. नोकरीवाल्या आम्ही तर नखं सांभाळूनच जगत होतो. वहिनी कणकवलीकडच्या. नवरा सुभाष तळोज्याला केमिकल कंपनीत. शिफ्ट, जेवण आणि झोप यांच्यामध्ये त्या माणसाला जग असं नव्हतंच.

या बाई लग्नाआधी जिल्ह्याकडून कबड्डी खेळल्या आहेत, हे आम्हाला कळलं ते रशिदा मॅडममुळे. मॅडम शाळेत पीटी शिकवायच्या. माहेर श्रीवर्धनचं, आवाज असा की शिट्टी बाळगायची गरज नाही. घणसोली गावच्या चैत्रातल्या जत्रेत कबड्डीचे सामने व्हायचे, आणि सत्त्याण्णव साली पहिल्यांदाच बायकांचेही ठेवले गेले. मॅडमनी लगेच सोसायटीतल्या बायका गोळा केल्या. मी क्षिप्रा, राखीव खेळाडू, कारण त्याच्या खालची जागा नव्हती.

पहिल्या सरावाला वहिनी पिशवी घेऊन बाजूला उभ्या होत्या. एक बाई कमी पडली, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, मी येऊ का. ओढणी कमरेला बांधली आणि मॅडम चढाईला आल्या तशी त्यांचा घोटा धरून त्यांना अशी आडवी केली की मॅडम मातीत पडल्या पडल्याच हसायला लागल्या. त्या दिवसापासून संघ वहिनींचा झाला. आम्ही बाकीच्या नुसती भर.

मग हळूहळू जुनी गोष्ट बाहेर आली. वहिनींचा शेवटचा सामना म्हणजे जिल्ह्याची फायनल. सकाळी आईने मायेने डोकं चपचपीत तेलाने माखून दिलं. खेळताना घामाबरोबर ते तेल मानेवरून दंडांवर उतरलं, आणि कबड्डीत तर अंगाला तेल लावून उतरायची बंदी, कारण हात निसटतो आणि पकड लागत नाही. पंचांनी वहिनींना अर्ध्यातून बाहेर काढलं. संघ हरला. त्याच मे महिन्यात लग्न झालं आणि कबड्डी संपली. "एक सामना शेवटपर्यंत खेळायचा हाय गो," त्या म्हणाल्या, "बाकी मला काय नको." हे त्या ज्या आवाजात म्हणाल्या, तो ऐकून मला गलबलून आलं होतं, खोटं कशाला सांगू.

आम्ही कशाबशा फायनलला पोचलो. समोर घणसोलीचाच संघ, मैदान त्यांचं, पब्लिक त्यांचं. आणि नेमक्या त्याच दिवशी आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये लग्नघरच्या जेवणाला कुयऱ्यांची भाजी होती. वहिनींनी शब्द दिलेला. मी म्हटलं, सांगा जमणार नाही. त्या म्हणाल्या, लग्नाच्या पंगतीला असं करतात का.

आता फणस कापायचा म्हणजे आधी हाताला आणि विळीला खोबरेल चोपडायचं, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तेल लावलं की चीक धरत नाही. पण वहिनींच्या मनात एकच धास्ती, तेल. संध्याकाळी पंच हात तपासणार. म्हणून बाईंनी त्या दिवशी तेलाचा डबा फळीवर उचलून ठेवला आणि कोरड्या हातांनी सगळ्या कुयऱ्या कापल्या. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. साबण लावला तर चीक रबरासारखा ताणला गेला. चिंचेने घासलं, मिठाने घासलं. काळेपणा थोडा फिकट झाला असेल, पण चिकटपणा जागचा हलला नाही.

मैदानावर पंचबाईंनी वहिनींचा तळवा चाचपला आणि त्यांचं बोट तिथेच चिकटलं. घणसोलीचे प्रशिक्षक जयप्रकाश लगेच पुढे झाले. डिंक लावून आणलाय, म्हणाले, असल्या हातातून आमची पोरगी सुटंल कशी? मला त्या माणसाचा भयंकर राग आला, आणि जास्त राग याचा की त्याचं म्हणणं बरोबर होतं. पंचबाईंनी निकाल दिला, हात साफ झाले तर मध्यंतरानंतर या, तोवर बाहेर. वहिनींचं तोंड एवढंसं झालं. आणि त्यांच्या जागी मैदानात कोण? मी.

माझ्या खेळाबद्दल थोडक्यात सांगते. घणसोलीच्या पोरींना मी फार आवडले.

बाहेर काय घडलं ते मला नंतर कळलं, मी त्या वेळी तोंडात माती घेऊन पडले होते. मॅडम वहिनींना घेऊन मैदानाला लागून असलेल्या एका घराच्या ओटीवर गेल्या आणि खोबरेल मागितलं. वहिनींनी हात मागे घेतले. तेल नको, काही झालं तरी तेल नको. डोळ्यांत पाणी. तेव्हा मॅडमनी आवाज न चढवता सांगितलं, "मीना, नियम मैदानातला आहे. बाहेर तू तेलात अंघोळ कर. फक्त आत येताना कोरडी ये."

ओटीवरच्या बाईची सून आमच्या समोर खेळत होती, घणसोलीची कप्तानच ती. तरी ती म्हातारी वाटीभर तेल घेऊन आली. "माजी सून तुमच्या समोर हाय," म्हणाली, "पन हात चिकट म्हनून तुमाला भायेर बसवलं, तं आमी जिंकून काय मजा?" आणि स्वतःच चोळायला बसली. तेल लागलं तसा चीक सुटू लागला, वळ्या वळ्या होऊन. नखांच्या कडेचा तिने नारळाच्या काथ्याने काढला. मग तेल काढायचं काम. तांदळाचं पीठ चोळून झटकलं, चुलीतली राख लावून धुतलं, परत पीठ, परत राख, शेवटी साबण. कातडी लाल होईपर्यंत हे चाललं. काळा रंग मात्र जागच्या जागी.

मध्यंतराला आम्ही बऱ्याच मागे होतो, त्यातला मोठा वाटा माझा. वहिनी पंचबाईंसमोर हात पसरून उभ्या राहिल्या. जयप्रकाश म्हणाले, अजून काळेच हायत. पंचबाईंनी वर्तमानपत्राचा एक कोरडा तुकडा मागवला, वहिनींच्या दोन्ही तळव्यांमध्ये धरायला लावला आणि दाबा म्हणाल्या, जोरात. मग हात उघडायला सांगितले. कागद सुटला आणि खाली पडला. चिकटला नाही. त्यांनी तो उचलून हॅलोजनच्या उजेडात धरला, उलटसुलट पाहिला. तेलाचा ठिपका नाही.

"रंगाला नियम नाही," पंचबाई म्हणाल्या. "खेळा."

मी इतक्या आनंदाने मैदानाबाहेर आयुष्यात कधी पळाले नव्हते.

पुढचं काय सांगू. कोपऱ्यात वहिनी उभ्या राहिल्या आणि आलेली चढाई परत जाईना. घोटा धरला की धरला. एकामागून एक घणसोलीच्या पोरी बाहेर बसू लागल्या, अख्खा संघ बाद होऊन त्यांच्यावर लोण चढला, आणि जत्रेतले लोक पाळणे सोडून मैदानाकडे आले. सुभाष शिफ्टवरून परस्पर आला होता, हातात डबा. त्याने बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, ही आमची मीना ना? मी म्हटलं, तुमचीच, नीट बघून घ्या.

शेवटची चढाई आली तेव्हा दोन्ही बाजूंचे गुण सारखे होते. वहिनी गेल्या. कबड्डी कबड्डी, एका लयीत, खालच्या आवाजात. त्यांनी हात मारला तो कप्तानीणबाईंच्या खांद्यावर, आणि वळल्या तोच तिने मागून कमरेला मिठी घातली. दुसरी पायावर पडली, तिसरी पाठीवर. वहिनी खाली गेल्या, पण दम सुटला नाही. तोंड मातीत, तरी कबड्डी कबड्डी ऐकू येत होतं. कोपरांवर सरकत, तिघींना ओढत त्या रेषेकडे यायला लागल्या. ओटीवरची म्हातारी सुनेला विसरून ओरडायला लागली, "वड बाय, वड!" काळा हात पुढे आला, बोटं ताणली गेली आणि मध्यरेषेवर पडली.

शिट्टी झाली. सामना संपला. आम्ही जिंकलो. पोरी बाजूला झाल्या, आम्ही आत धावलो, मॅडमचा आवाज घणसोलीच्या खाडीपर्यंत गेला असेल. आणि वहिनी रेषेवर हात ठेवून पालथ्या पडलेल्या, डोळे मिटलेले, आणि अजून चालूच, कबड्डी कबड्डी कबड्डी.

शेवटी पंचबाई त्यांच्याजवळ खाली बसल्या, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अगं बाई, संपला सामना. पूर्ण खेळलीस. आता श्वास घे."

वहिनींनी श्वास घेतला.