मध्यम लहरींवरचे व्याही

भिंतीशी बोलून पेन्शन, प्रतिष्ठा आणि मधुमेह एवढं सगळं मिळवलेला माणूस अख्ख्या पनवेल तालुक्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा व्याही आहे. जन्मभर रेडिओ केंद्रात निवेदक. बंद खोलीत बसून समोरच्या भिंतीला ‘नमस्कार श्रोतेहो’ म्हणायचं आणि ती उलट काही बोलत नाही म्हणून जराही वाईट वाटून घ्यायचं नाही, ही सवय अंगात इतकी मुरलेली की समोर हाडामांसाचा माणूस असला आणि तो मध्येच बोलू लागला, तर त्यांना तो तांत्रिक बिघाड वाटतो. विहीणबाई म्हणतात, “घरातही एक भिंत हवी होती, म्हणून यांनी माझ्याशी लग्न केलं.”

आवाज सहा फुटी माणसाचा. माणूस मात्र पाच फुटांच्या अलीकडेच कुठेतरी संपतो. माझ्या मुलीला बघायला ही मंडळी खांदा कॉलनीतून आमच्याकडे आली, तेव्हा आधी दाराबाहेरून नमस्कार ऐकू आला. मी दार उघडून वर पाहिलं. ते खाली होते. पोहे आल्यावर त्यांनी पोह्यांचं स्वागत केलं, मग विहीणबाईंची ओळख करून दिली, आणि शेवटी घसा साफ करून म्हणाले, “आणि यानंतर, मुलगा.” जावईबापू खरोखरच त्यानंतर आत आले. त्यांना जिन्यात थांबवून ठेवलं होतं. माझ्या मुलीला हसू आवरेना, आणि लग्न तिथेच ठरलं.

शांततेशी तर त्यांचं हाडवैर. निवेदक गप्प बसला की लोक रेडिओला थपडा मारतात, हे त्यांनी उमेदवारीतच शिकून घेतलेलं. सोसायटीचे जुने सेक्रेटरी गेले, तेव्हा शोकसभेत सगळे माना खाली घालून दोन मिनिटं उभे राहिले. अर्धं मिनिट कसंबसं सरलं. मग धीरगंभीर स्वर आला, “आपण ऐकत आहात, दोन मिनिटांची शांतता.” आधी सेक्रेटरींचा मुलगाच फिसकन हसला, आणि मग बाकीच्यांनीही हसून घेतलं. गेलेल्या माणसालाही ते आवडलं असतं असं सगळ्यांचं मत पडलं.

निवृत्त झाल्यावरही ‘खाडीकाठ’ हा कार्यक्रम केंद्राने त्यांच्याकडेच ठेवला होता. भरती-ओहोटी, मासळी, मिठागरं आणि श्रोत्यांची पत्रं. ध्वनिमुद्रण आधीच व्हायचं, त्यामुळे गुरुवारी सव्वासातला ते घरी बसून स्वतःलाच ऐकत आणि “हळू, हळू, गाडी चुकणार आहे का?” असं स्वतःलाच दटावत. एकदा कामोठ्यात रिक्षात बसून त्यांनी कुठे जायचं ते सांगितलं, आणि नुसतं “सुकापूर” ऐकून रिक्षावाल्याने त्यांना आवाजावरून ओळखलं. “आमची आय तुमच्या टायमालाच भाकऱ्या थापायची,” तो म्हणाला, आणि आरशात बघून त्याने विचारलं, “तुमी अजून हाय?” हा प्रश्न त्यांनी पुरस्कार मिळाल्यासारखा महिनाभर मिरवला.

त्यांचा सगळा जीव मध्यम लहरींवर, म्हणजे जुन्या मीडियम वेव्हवर. एफएमला ते माणसात धरत नाहीत. “डोंगर दिसला की थबकतं ते,” म्हणतात, “आपली लहर कर्नाळ्याला वळसा घालून थेट होडीत जाऊन बसते.” होडीत बसणारी ही लहर खांदा कॉलनीत मात्र जिन्यातच अडायची. पूर्वी रेडिओला विजांचा त्रास व्हायचा, आता शेजाऱ्यांचा. एलईडी दिवे, चार्जर, लिफ्ट, सगळ्यांची खरखर मध्यम लहर इमानदारीने उचलते. त्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा मिक्सर म्हणजे कहर. गुरुवारी कार्यक्रमात भरतीची वेळ सांगायला लागले की नेमका तो गुरगुरायचा, आणि हे गॅलरीतून वाकून म्हणायचे, “वहिनी, पंधराच मिनिटं.” त्यावर खालून यायचं, “भावजी, घरान पावना हाय, वाटान नको करू?”

मग बातमी आली की मध्यम लहरींचं प्रक्षेपण बंद होणार, कार्यक्रम यापुढे फक्त मोबाइलवर. जावईबापूंनी लगेच त्यांच्या मोबाइलवर केंद्राचं अ‍ॅप घालून दिलं. “बघा बाबा, किती स्वच्छ येतं.” व्याही म्हणाले, “स्वच्छ येतं रे, पण होडीत येतं का?” त्या दिवशी चहा घेताना ते मला हळूच म्हणाले, “व्याहीबुवा, आपला शेवटचा कार्यक्रम एकदा तरी खरखरीशिवाय ऐकायचाय.” एवढं साधं वाक्य आणि एवढा साधा आवाज मी त्यांच्याकडून आधी कधी ऐकला नव्हता.

त्या गुरुवारी मी मुद्दाम गेलो. सेलवरचा रेडिओ खिडकीच्या गजाला टेकवून ते बसले होते. सात वाजून गेले आणि एकेक करून अख्ख्या इमारतीचे दिवे गेले. लिफ्ट थांबली, टीव्ही गप्प झाले. व्याही घाबरून गॅलरीत धावले. खालून वहिनी म्हणाल्या, “लाईट गेली नाय भावजी, आमीच सगल्यांनी घालवली. वाटान सकालीच केलाय. तुमी ऐका.”

खरखर नव्हती. अंधारात त्यांचा आवाज मावेना. भरतीची वेळ सांगून झाली, एक पत्र वाचून झालं, आणि ‘हे प्रसारण इथेच संपत आहे’ म्हणून तो आवाज थांबला. पुढे नुसती सूं सूं. मी वाट पाहत होतो, आता हे काहीतरी बोलतील. ते बोलले नाहीत. शांतता त्यांनी जन्मात पहिल्यांदा नीट पाळली.

पण रेडिओ काही त्यांनी माळ्यावर टाकला नाही. अजून गुरुवारी तो त्याच गजाला, त्याच जागी लावतात. केंद्र लागत नाही, खालचा मिक्सर तेवढा लागतो. खरखर सुरू झाली की हे खूश होऊन सांगतात, “श्रोतेहो, ऐकू या वहिनींच्या मिक्सरवर कांदा-खोबऱ्याचं वाटण.” परवा जिन्यात वहिनींनी मला थांबवलं. “वाटायचा काय नसला तरी गुरवारी मिक्सर रिकामाच फिरवतंय,” त्या म्हणाल्या, “भावजींना सांगू नका.” मी अजून सांगितलेलं नाही.