मामांच्या मोटारीचं कुलूप

कुलपांना माझ्या थोरल्या मामांइतका जीव लावणारा माणूस मानवत गावातच काय, उभ्या मराठवाड्यात झाला नसेल. आणि माणसांवर त्यांच्याइतका कमी विश्वास टाकणाराही. मोंढ्यात, म्हणजे गावच्या घाऊक बाजारात, त्यांची कापसाची अडत होती, तेव्हा तिथल्या तिजोरीला कुलूप असणं समजण्यासारखं. पण घरी साखरेच्या डब्याला, लोणच्याच्या फडताळाला, एवढंच काय, आडावरच्या पोहऱ्यालासुद्धा कुलूप. पोहऱ्याला कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पानी कुनीबी न्यावं, पन इचारून न्यावं." सगळ्या चाव्यांचा जुडगा ते कमरेला बांधत, आणि चालू लागले की शर्यतीचा बैल सुटल्यासारखा आवाज होई. मामीला अवेळी चहा करायचा झाला तर साखरेसाठी मोंढ्यात निरोप धाडावा लागे. मी तेव्हा तिथल्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि मामांकडेच राहत होतो. एका रविवारी माझ्या खोलीला बाहेरून कुलूप घालून ते मोंढ्यात निघून गेले. मी आत झोपलेलो होतो. संध्याकाळी दार उघडून म्हणाले, "ऱ्हायलास का न्हाई सुरक्षित?"

सत्तर सालानंतर कधीतरी त्यांनी हैदराबादच्या एका निवृत्त अंमलदाराकडून जुनी मोटार घेतली. ती त्यांना आवडली ती काही वेगासाठी नव्हे. तिला दारांपेक्षा कुलपं जास्त होती, म्हणून. मोटारीची चावीही त्यांनी त्याच जुडग्यात ओवली. त्यामुळे मामा मोटार हाकू लागले की साखर, लोणचं, तिजोरी आणि पोहरा, सगळं घर डॅशबोर्डवरच्या त्या एवढ्याशा कुलपाला लोंबकळे आणि खड्ड्याखड्ड्याला झोके घेई. कुलूप बिचारं किती दिवस सोसणार?

एका सकाळी बोरीहून सांगावा आला. मामीची आई फार आजारी होती आणि लेकीचं नाव घेत होती. मामी गाठोडं घेऊन मागच्या सीटवर बसली, मी पुढं. मामांनी चावी घातली. ती आत गेली, पण फिरेचना. मामांनी फुंकर मारली, तेल सोडलं, शेवटी शिव्या दिल्या. मग मिस्त्रीला बोलावणं गेलं. हा गडी हातापेक्षा तोंडानं जास्त काम करणारा. डोकं आत घालून म्हणाला, "मालक, आतल्या पितळी पत्र्या पार झिजल्या. इतकं वजन टांगल्यावर काय होनार? नवं कुलूप हैदराबादहून येईल. आज तारा जोडून देतो, जावा तुमी."

"बिनचावीची?" मामांनी विचारलं.

"दोन तारा जोडल्या की खलास!"

"म्हंजे कुनीबी चालू करू शकतंय?"

"कुनीबी, मालक."

मामांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांना सांगितलं होतं, की तिजोरीला मागची बाजूच नाही. ते दारात आडवे उभे राहिले. "तारा जोडायच्या न्हाईत. आज तू जोडशील, उद्या गावाला शिकवशील." मिस्त्रीनं आईची शपथ घेतली, इमानाची घेतली, पानाची पिंक टाकून आणखी एक घेतली. मामा विरघळले, पण कसे? "बरं मग, डोळे झाकून जोड!"

मिस्त्रीनं खरोखर डोळे झाकले, ठिणगी उडाली आणि तो बोंबलत बाहेर आला. तेवढ्यात मागचं दार उघडलं. मामी गाठोडं घेऊन खाली उतरली.

"तुमी कुलूप राखत बसा," ती म्हणाली. "माझी माय वाट बघायलीय. मी यष्टीनं जाते."

मामांपुढं तिला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मामांनीही नसावं. ती स्टँडच्या दिशेनं दिसेनाशी होईपर्यंत ते बघत राहिले. मग मिस्त्रीकडं न पाहताच म्हणाले, "जोड."

बोरीवरून जाणारी जिंतूरची यष्टी आम्ही परभणीच्या अलीकडं गाठली. मामांनी भोंगा वाजवून वाजवून ती थांबवली. कंडक्टर खाली डोकावला. मामा म्हणाले, "बाईंना उतरा म्हनावं, मोटार आलीय."

कंडक्टर आत गेला आणि परत आला. "बाई म्हनत्यात, मी तिकीट काढलंय."

यष्टी निघाली. आम्ही तिच्या मागोमाग, तिची सगळी धूळ खात.

"मामा, पुढं काढा ना," मी खोकत म्हणालो.

"न्हाई," मामा म्हणाले. "तिनं मागं बघितलं तर आपुन दिसाय पाहिजे."

बोरीपर्यंत ती एकदाही वळली नाही. मामीची आई त्या दुखण्यातून उठली नाही, पण लेकीच्या हातची पेज पिऊन गेली. तोवर मामा बाहेर ओट्यावर बसून होते. मोटार समोर उघडी पडली होती आणि आसपासची पोरं तिचा भोंगा दाबत होती. मामांनी तिकडं मान वळवली नाही.

पुढं नवं कुलूप आलं. चावीच फिरत नसल्यानं मिस्त्रीला जुनं ड्रिलनं फोडून काढावं लागलं आणि त्या भरात त्यानं डॅशबोर्डलाही एक जादा भोक पाडलं. नव्या कुलपाबरोबर चाव्या दोन आल्या. मामांनी एक जुडग्यात न ओवता वेगळी खिशात टाकली, दुसरी चुलीपाशी मामीच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी." साखरेचा डबा मात्र शेवटपर्यंत कुलपातच राहिला, माणूस बदलून बदलणार किती?

मामी मोटार हाकायला काही शिकली नाही. मामा गेल्यावर मोटार विकायला काढली, तेव्हा घेणाऱ्यानं विचारलं, दुसरी चावी कुठंय? मामी म्हणाली, "एकच हाय." तिच्या पदराच्या टोकाला चावीएवढी गाठ होती. ती मला दिसत होती, घेणाऱ्यालाही दिसत असावी. त्यानं पैसे मोजले आणि एकच चावी घेऊन गेला.