बाईंचे संध्याकाळचे राग

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गाण्याच्या मित्रांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि मध्येच "जाऊ दे रे, एवढं काय त्यात" असं म्हणू शकत नाही. तसं म्हणणारी माणसं मला नको आहेत. आणि हे मी डोकं ठिकाणावर ठेवून सांगतो आहे — रडण्याबिडण्याचा माझा स्वभाव नाही.

मी बरा माणूस आहे, असं माझं मत आहे. कोथरूडला स्वतःचा फ्लॅट, सॉफ्टवेअरमधली नोकरी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गातोही बरा. ते गाणं मला बाईंनी दिलं. कुमुदबाई — आम्ही सगळे नुसतं बाईच म्हणतो — नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत शिकवायच्या. शाळेतली नोकरी सांभाळून, एकटीने, चाळीस वर्षं. नाव फारसं झालं नाही. आवाज मात्र — कसा सांगू? बाईंनी तोडी सुरू केली की खालच्या मजल्यावरच्या काकू गॅस बंद करायच्या, कुकरची शिट्टी मध्ये येऊ नये म्हणून. पुण्यात याहून मोठी दाद नसते.

निवृत्त झाल्यावर बाईंनी पदरच्या पैशाने सीडी काढली. सकाळचे राग — ललत, भैरव, तोडी. ही खपली की दुसरी काढायची, संध्याकाळच्या रागांची. मारवा आणि पूरिया त्या जसे गायच्या तसे मी कुणाकडून ऐकलेले नाहीत, आणि मी खूप ऐकलं आहे. पहिली प्रत त्यांनी मला दिली. कव्हरवरच, डाव्या कोपऱ्यात, शाईच्या पेनाने लिहिलं — 'चि. श्रीधरला, अनेक आशीर्वाद.' बाकी कुणाला सही हवी असली तर त्या आतल्या पानावर करायच्या. कव्हरवर लिहिलेली प्रत एकच.

आता मुद्द्यावर यावं, नाही का? येतो.

त्या वेळी ऑफिसात वेगवान नेट होतं आणि नेटवर एक अड्डा होता. दुर्मिळ ध्वनिमुद्रणं लोक तिथे टाकत, बाकीचे उतरवून घेत. मी महिनोन् महिने उतरवत होतो. एकाने तिथे सगळ्यांदेखत लिहिलं, हे पुण्याचे गृहस्थ घेतात सगळं, देत काही नाहीत. मला ते फार झोंबलं. पुण्याच्या माणसाला असं म्हणतो? माझ्याकडे असं काही आहे की तोंडात बोट घालाल!

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी बाईंची अख्खी सीडी तिथे चढवली. सीडी बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता. कव्हरही स्कॅन केलं. आणि स्कॅन करताना — इथे मला पळवाट ठेवायची नाही — डाव्या कोपऱ्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवली. म्हणजे मला कळत होतं. अजाणतेपणी काही झालं नाही.

दाद तर अशी आली! नागपूर, टोरांटो, कुठून कुठून. एकाने लिहिलं होतं — आईच्या शेवटच्या आजारात रोज सकाळी हाच ललत लावत होतो, या बाई कोण आहेत, त्यांना आमचा नमस्कार सांगा. मी खाली उत्तर दिलं, नक्की सांगतो. सांगितला नाही. ते सगळं कागदावर छापून घेतलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. बाईंची दाद मी अनेक दिवस एकटाच खात होतो.

इकडे कार्यक्रमाबाहेर टेबलावर चादर अंथरून सीडी विकायला मीच बसायचो. एकदा एका गृहस्थांनी सीडी उलटीपालटी केली, किंमत पाहिली आणि म्हणाले, "अडीचशे? अहो, आमच्या चिरंजीवांनी हेच फुकट उतरवून दिलंय." बाई माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांना नेटबिट कळत नव्हतं. त्यांना वाटलं, हल्ली गाणं फुकट मिळतं, तर आपल्यावर कोण पैसे घालणार? अडीचशेची सीडी दीडशेवर आली, मग साठावर. लक्ष्मी रोडच्या दुकानदाराने खोकं तसंच परत पाठवलं — तो आता मोबाइलची कव्हरं विकत होता.

मी टाकली नसती तरी सीडी बुडणारच होत्या. सगळा बाजारच बुडाला. हे मी स्वतःला शंभरदा सांगितलं आहे आणि ते खरंही आहे. पण माझी कबुली ती नाहीच.

उरलेल्या सीडी बाईंनी संक्रांतीला वाण म्हणून लुटल्या. पुढे काही दिवसांनी त्या आमच्याकडे सत्यनारायणाला आल्या. आमच्या शेजारणीने कबुतरं येऊ नयेत म्हणून गॅलरीत दोरीला सीडी टांगल्या होत्या. त्यांत एक केशरी. बाईंची. बाईंनी ती वाऱ्यावर फिरताना पाहिली आणि म्हणाल्या, "माझ्या आवाजाने कबुतरं पळतात म्हणायची!" सगळे हसले. मीही हसलो.

त्याच आठवड्यात त्यांनी संध्याकाळच्या रागांसाठी आधीच धरून ठेवलेली स्टुडिओची तारीख रद्द केली. मला म्हणाल्या, "कुणाला नकोय रे, श्रीधर. उगाच कशाला?"

एक वाक्य पुरलं असतं — बाई, लोक ऐकताहेत. कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होते. पण त्यावर त्यांनी विचारलं असतं, कुठे? आणि मग, तिथे दिली कोणी? म्हणून मी काय म्हणालो, माहीत आहे? "जशी तुमची इच्छा." आपलं गाणं कुणाला नको आहे, असं एका गाणाऱ्या बाईला मी वीस वर्षं मानू दिलं. ही माझी कबुली.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. आवाज राहिलेला नाही, बोलतानाही कापतो. म्हणाल्या, "तुझ्या फोनमध्ये सगळ्यांची गाणी असतात म्हणे. माझं आहे का काही?" मी शोधलं. होतं. माझ्याच फायली कुणीतरी त्याच सुमारास उचलून पुन्हा टाकल्या होत्या. बाईंनी डोळे मिटून सगळा ललत ऐकला. खाली लोकांनी लिहिलेलं मला वाचून दाखवायला लावलं. मग विचारलं, "हे कधीचं आहे?" मी वर्ष सांगितलं. निदान ते खरं सांगितलं.

त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. "म्हणजे तेव्हाच ऐकत होते की लोक," त्या म्हणाल्या. "मग मी का थांबले रे?"

मी उगाच शर्टाने फोनची काच पुसली.

"टाकलं कोणी असेल?"

"काय माहीत, बाई."

त्यांनी भिंग घेतलं आणि फोनवरचं कव्हर जवळ धरून पाहिलं. डाव्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या पट्टीवरून त्यांनी बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा एकदा. मग फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "चहा टाकते. घेऊन जा."

त्यांनी ओळखलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्यांनी कप पुढे केला आणि मी तो सगळा चहा प्यायलो.