पायलटच्या पगारातले दोनशे रुपये

माझी सगळी नोकरी व्यवसाय करात गेली. पगाराच्या स्लिपवर खाली कुठेतरी प्रोफेशनल टॅक्स म्हणून दोनशे रुपये कापलेले असतात आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, तो हा कर. ठाण्याच्या ऑफिसात त्या दोनशे रुपयांवर मी बत्तीस वर्षं काढली. फेब्रुवारीत तीनशे. हे फेब्रुवारीचं गणित मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारच्याला समजावून सांगत असे आणि बायको मला कोपराने ढोसत असे.

मुलगा पायलट झाला आणि पहिली स्लिप घेऊन डोंबिवलीला घरी आला, तेव्हा चष्मा लावून मी आधी तीच ओळ शोधली. दोनशे. विमान उडवणाऱ्याचे दोनशे आणि आमच्या सोसायटीच्या वॉचमनचेही दोनशेच. बायको म्हणाली, "अहो, पगार किती आहे ते तरी वाचा." पण मला खरंच त्या ओळीचंच कौतुक होतं. पोरगा आपल्या खात्यात भरणा करतोय, असं काहीतरी वाटलं होतं. पुढे महिनाभर मी भेटेल त्याला ते सांगत होतो.

तेव्हापासून त्याचं रिटर्न मीच भरतो. लग्नानंतर तो ठाण्याला घोडबंदर रोडला राहायला गेला, पण कंपनीच्या पोर्टलचा पासवर्ड माझ्याकडेच राहिला. दर महिन्याला स्लिप उतरवायची, प्रिंट काढायची, पंच मारून फायलीला लावायची. निवृत्त माणसाला तेवढं काम पुरतं. त्याची मुलगी पाच वर्षांची. अजून बोलत नव्हती. आम्ही गेलो की बाटलीचं झाकण फरशीवर फिरवत बसलेली असायची, आणि मी दर वेळी तेच म्हणायचो, "आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात. तुझा नवरा तरी कुठे लवकर बोलला?" सून हसल्यासारखं करून आत जायची. मी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं.

मागच्या वर्षी एप्रिल ते जून आम्ही गावी होतो. परत आल्यावर तीन महिन्यांच्या स्लिपा एकदम काढल्या, तर तिन्हीवर व्यवसाय कर शून्य. माझं डोकंच सटकलं. पहिली शंका आली ती बेसची, म्हणजे पायलटची ड्यूटी जिथून सुरू होते त्या शहराची. पायलटचा हा कर त्याचा बेस ज्या राज्यात असेल तिथला लागतो, आणि दिल्लीत हा कर नाहीच. म्हणजे पठ्ठ्याचा बेस दिल्लीला गेला आणि आईबापाला पत्ता नाही. बायकोला फोन करायला लावला.

"बेस कुठंय रे तुझा हल्ली?"

"मुंबईच. का गं?"

"काही नाही. बाबा विचारत होते."

बेस मुंबई, कर शून्य. मग चूक पगार काढणाऱ्यांची. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, दोनशे वाचतायत तर वाचू देत. मला ते जमणारं नव्हतं. मी पोर्टलवर मुलाच्या नावाने रीतसर तक्रार टाकली. कपात त्वरित सुरू करावी, राहिलेल्या तीन महिन्यांचीही करावी, वगैरे. खाली कलमाचा नंबर टाकला. बऱ्याच दिवसांनी ऑफिसातलं इंग्रजी लिहायला मिळालं होतं, त्यामुळे दोनदा वाचून पाहिलं आणि चहा मागवला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. आपण एप्रिलमध्ये दिलेल्या घोषणापत्रानुसार, दिव्यांग पाल्याचे पालक म्हणून आपली कपात थांबवली आहे. सूट मागे घ्यायची नसल्यास सात दिवसांत कळवावे, अन्यथा आपल्या विनंतीप्रमाणे कपात सुरू होईल. सोबत सर्टिफिकेट जोडलं होतं.

ती सूट मला तोंडपाठ होती, त्यामुळे समजायला वेळ लागला नाही. सर्टिफिकेट उघडलं. बत्तीस वर्षांची सवय, आधी शिक्का पाहिला. शिक्का स्पष्ट होता. मग फोटो पाहिला. नातीचे केस पाणी लावून बसवलेले होते आणि ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. बौद्धिक अक्षमता, टक्के पंचाहत्तर. तारीख वर्षभरापूर्वीची होती. म्हणजे मागच्या दिवाळीला मी "आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात" म्हणालो, तेव्हा त्या दोघांना माहीत होतं.

मला रडू आलं नाही. रागही आला नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की गाल आपला नसल्यासारखा वाटतो, तसं सगळं झालं होतं. चप्पल घालून ठाकुर्ली स्टेशनपर्यंत चालत गेलो आणि तसाच परत आलो. येताना दूध आणलं. बायकोने विचारलं, "दोन पिशव्या कशाला?" मी त्या फ्रिजमध्ये ठेवल्या. तिला काहीच सांगितलं नाही. तिचं भिशीचं चाललं होतं, ते मी ऐकत बसलो.

सात दिवसांत फक्त एक ओळ लिहायची होती. सूट चालू ठेवावी. पण ती मुलाच्या नावाने लिहायची, म्हणजे त्याने मला जे सांगितलं नाही ते मीच त्याच्या वतीने पुन्हा सांगायचं. रोज कॉम्प्युटर सुरू करायचो आणि बंद करायचो. आठवा दिवस कधी उलटला ते कळलंही नाही. जुलैच्या स्लिपवर आठशे रुपये कापलेले आले. तीन महिन्यांचे मागचे आणि एक चालू. माझ्या तक्रारीप्रमाणे, अगदी बिनचूक.

दोन दिवसांनी दुपारी मुलगा आला. आई मानपाड्याला मावशीकडे गेली आहे, हे त्याने आधी फोनवर विचारून घेतलं होतं. खुर्चीत बसला. पाणी दिलं ते प्यायला नाही.

"बाबा, तक्रार तुम्ही टाकलीत?"

"हो."

"म्हणजे उत्तरही वाचलंत."

"वाचलं."

त्याने ग्लास बाजूला सरकवला. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"कळव्याचा तो दुकानदार आठवतो तुम्हाला?"

आठवत होता. फार जुनी गोष्ट. त्याचं कळव्याला स्टेशनरीचं छोटं दुकान होतं. मुलगी जन्मापासून तशी, म्हणून करातून सूट मागायला आला होता. त्याच्या सर्टिफिकेटच्या झेरॉक्सवर शिक्का उमटला नव्हता. मी परत पाठवलं. पुन्हा आला, तेव्हा शिक्का होता पण सही कापली गेली होती. पुन्हा परत पाठवलं. तिसऱ्या वेळी तो मुलीलाच घेऊन आला. वीस-बावीस वर्षांची, दोन वेण्या घातलेली मुलगी. म्हणाला, "साहेब, आता हिलाच बघा." तिने माझ्या टेबलावरची टाचण्यांची डबी उपडी केली. मी म्हटलं, "हिला आत कशाला आणलंत? बाहेर बसवा." आणि त्या रात्री जेवताना मी ही गोष्ट घरी सांगितली होती. कागद मागितला तर हा मुलगीच घेऊन आला, असं. तिने डबी कशी उलटी केली, तेही करून दाखवलं होतं. मिठाची वाटी घेऊन.

"आई हसली," मुलगा म्हणाला. "तुम्ही हसलात. मी पण हसलो. मी दहा वर्षांचा होतो, पण चांगला आठवतंय, ठसका लागेपर्यंत हसलो होतो. आपल्या पोरीचं डॉक्टरांनी सांगितलं ना, त्या दिवशी पार्किंगमध्ये मला दुसरं काहीच आठवत नव्हतं. बायको रडत होती आणि मला ती मिठाची वाटी दिसत होती."

मी माफी मागायला हवी होती. तोंड उघडलंही असेल. पण माफी मागायची ती त्याची, सुनेची, नातीची, की कळव्याच्या त्या माणसाची, हेच मला ठरवता येईना. आणि तेवढ्यात त्याने पिशवीतून प्लास्टिकचा फोल्डर काढला.

"पेरोलवाले नवीन घोषणापत्र मागतायत. तुम्हीच भरून द्या. मला ते शब्द लिहवत नाहीत."

त्याने सर्टिफिकेट बाहेर काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. ऑफिसात माझ्यापुढे येणारे सगळे तसंच धरायचे. कागद दुमडू नये म्हणून. तीस हजार फुटांवरून वादळात विमान खाली आणणारा माझा मुलगा, आणि काउंटरपलीकडच्या माणसासारखा कागद धरून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी कागद घेतला. या वेळी शिक्का पाहिला नाही. पेन काढलं, त्याचं नाव लिहिलं, पाल्याच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

"तिला आणायचं ना," मी म्हटलं. "कुठे ठेवून आलास?"

त्याने खिडकीकडे पाहिलं.

"खाली गाडीत आहे. तिच्या आईबरोबर." मग म्हणाला, "आणू का वर?"

अर्धा तास झाला होता त्याला येऊन. ऑगस्टमधली दुपार, उन्हात उभी गाडी, आणि त्या दोघी आत बसून होत्या, मी काय म्हणतो त्याची वाट बघत. मी पेन ठेवलं. लिफ्ट यायची होती, थांबलो नाही. तीन जिने उतरलो. नात मागच्या सीटवर बसून मांडीवर झाकण फिरवत होती. सुनेने दार उघडलं आणि घाईघाईने म्हणाली, "बाबा, आम्ही इथे बाहेरच ठीक आहोत."